आधी टाकी बघा, मग पिल्लू

छत्रपती संभाजीनगरात भाड्याचं घर बघायला गेलेला माणूस आधी गच्चीवर चढतो. हॉल केवढा, किचन कुठल्या दिशेला, हे नंतर. टाकी किती लिटरची आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, ते पहिलं. नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, पण शहराच्या नळाने गेली कित्येक वर्षं लोकांना कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या आहेत. त्यामुळे हे शहाणपण सिडको-हडकोपासून सातारा परिसरापर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. गंमत अशी की हाच माणूस कुत्रा, मांजर किंवा ससा आणायला गेला की फक्त डोळे बघतो. ‘काय गोड आहे!’ म्हणतो आणि खिशात हात घालतो. निदान त्याच्यासाठी तरी ही थोडी गंमत आणि थोडा हिशेब.

पैठणचं गाढव

मुक्या जनावरांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याशी बरोबरी करणं अवघड आहे. ज्ञानोबा माउलींनी रेड्याच्या मुखी वेद वदवले ते पैठणला. काशीहून कावडीने आणलेली गंगा रामेश्वराला वाहायची सोडून वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घालणारे नाथ महाराज पैठणचेच. त्यांच्याच नावाच्या जलाशयाचं पाणी आज आपण ड्रममध्ये भरतो. सातारा परिसरातल्या ज्या खंडोबाला चंपाषष्ठीला गर्दी होते, त्याच्या सोबतीला घोड्याबरोबर कुत्राही असतोच.

नाथांच्या गाढवाचा हिशेब आजच्या भाषेत मांडायचा तर असा: कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. वीस किलोचा कुत्रा म्हणजे लिटरभर, आणि मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. हे झालं पिण्याचं. भांडी, फरशी, शू केलेला कोपरा यांचं वेगळं. आंघोळीची मात्र काळजी नको. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. रोज साबण लावला तर उलट कातडी कोरडी पडते आणि तो खाजवत बसतो. टँकरवाल्या सोसायटीला एवढीच काय ती आनंदाची बातमी.

शहराचा खरा लाडका: गप्पी

कुणी मोजत नाही, पण या शहरात पाळलेला एक प्राणी टाकी-हौदांतून पोसला जातोय. त्याला फिरवावं लागत नाही, तो भुंकत नाही, लिफ्टमध्ये कुणाला त्रास देत नाही. गप्पी मासा. पाणी साठवून ठेवायचं म्हटलं की डासांच्या अळ्या आल्या, अळ्या आल्या की डेंग्यू. म्हणून हिवतापवाले आणि आरोग्य विभागाचे लोक विहिरींत, डबक्यांत, हौदांत गप्पी मासे सोडतात.

एकदा हौदाच्या काठावर बसून बघा. पाण्याच्या वरच्या थरात अळ्या डोकं खाली, शेपटी वर करून लटकलेल्या असतात. जरा सावली पडली की वळवळत खाली जातात आणि श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. नेमकी तिथेच गप्पी दबा धरून असते. मादी राखाडी, पोटाशी फुगीर, अंगाने मोठी. नर जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पण शेपटी अशी रंगीत की वरातीला निघालाय. अळी वर आली की एक झटका, पाण्यावर बारीकशी टिचकी, आणि अळी गायब. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एक वेत. मादी एकदा नराजवळ आली की पुढचे कित्येक महिने नर नसला तरी तिला पिल्लं होत राहतात. मूळची दक्षिण अमेरिकेची आणि त्रिनिदादची ही पाहुणी. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाच्या त्रिनिदादच्या गृहस्थावरून तिचं नाव पडलं.

दोन पथ्यं आहेत. नळाला आलेल्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. तेव्हा पाणी एक दिवस उघडं मुरू द्यायचं, मग मासे सोडायचे. दुसरं, हौस फिटली म्हणून गप्पी किंवा कुठलाही विकतचा मासा नदीत-तलावात सोडायचा नाही, तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो. डॉ. सलीम अली सरोवर म्हणजे काही आपल्या फिशटँकचा जुना माल टाकायची जागा नव्हे.

जाता जाता: गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, ही निव्वळ थाप. खायला कोण देतं हे तो महिनोन् महिने लक्षात ठेवतो. नीट ठेवला तर दहा-वीस वर्षं जगतो. इंग्लंडमधल्या टिश नावाच्या गोल्डफिशने तर ४३ वर्षं काढली. काचेच्या गोल भांड्यात आठवड्याभरात मेला, तर दोष त्याच्या आयुष्यरेषेचा नाही.

मांजर: वाळवंटातून आलेली

पाण्याची टंचाई असलेल्या गावाला मांजर शोभते, कारण तिचे पूर्वज म्हणजे आफ्रिका-पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातली रानमांजरं. तिला तहान कमी लागते. पण हीच गोम आहे. तहान कमी म्हणून ती पाणी कमी पिते, मग लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाचे, किडनीचे त्रास मागे लागतात. बोके तर चक्क तुंबतात. ‘बोका सारखा जाऊन बसतोय पण होत नाही’ असं दिसलं तर सकाळपर्यंत वाट बघू नका, तासांचा प्रश्न असतो. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, आणि जेवणाच्या वाटीपासून जरा लांब.

मांजरीला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारा जीन तिच्यात मोडीत निघालेला आहे. गुलमंडीची इमरती तिच्यासमोर ठेवली काय आणि साबणाची वडी ठेवली काय, सारखंच. श्रीखंडाचं पातेलं ती चाटते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी, आपण उगाच ‘हिला गोड आवडतं’ म्हणतो. वाटीभर दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी. ताप आला म्हणून मांजरीला पॅरासिटामॉल द्यायचं नाही. अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवायची यंत्रणा तिच्या यकृतात जवळपास नाहीच. घराघरात डब्यात पडलेली ही साधी गोळी मांजरीसाठी विष आहे.

सायबेरिया ते जालना रोड

हस्की दिसायला देखणा, निळ्या डोळ्यांचा. पण तो घडला सायबेरियात, बर्फावरून गाडी ओढायला. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, एसी बारा तास चालवला तरी दुपारी लाइट जाते. ‘मग टक्कल करू की त्याचं!’ असं म्हणणारे भेटतात. नका करू. दुहेरी थराचे केस थंडीसारखेच उन्हापासूनही आडोसा देतात. कापले की कातडी भाजते, आणि कित्येकदा केस परत नीट येत नाहीत.

पग तर जाहिरातीने घरोघरी आणला. २००३ साली टीव्हीवर एक लहान मुलगा पुढे आणि पग मागे चालताना दिसला, आणि महिन्याभरात देशभर सगळ्यांना तोच कुत्रा हवा झाला. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी सगळी गरमी तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. आता ज्याचं नाकच चेपलेलं आहे त्याने धापा टाकायच्या कशा? पग, बुलडॉग, पर्शियन मांजर, सगळ्या चपट्या नाकवाल्यांचा उन्हाळा असाच जातो. माझं मत स्पष्ट आहे: या शहरात हस्की आणि पग आणणं म्हणजे हौस आपली आणि सजा त्याची.

कुठलाही कुत्रा असो, दुपारी डांबरावर नेण्याआधी आपल्या हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. मे महिन्यात फिरायची वेळ पहाटेची किंवा रात्री जेवण झाल्यावरची.

मग आपले कुठे गेले?

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यातल्या एका बैलजोडीच्या रथावर हाकणारा माणूस उभा आहे आणि त्याच्यापुढे रथाच्या दांड्यावर चक्क एक कुत्रा! काही हजार वर्षांपूर्वीही स्वारी निघाली की कुत्रा पुढे चढून बसत असावा. आज स्कूटीच्या पायाशी उभा राहून कान उडवत जातो तसाच.

मराठवाड्याच्या घरचे कुत्रे म्हणजे कारवानी आणि पश्मी. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, उंच पाय. कारवानीचे केस आखूड, पश्मीच्या कानाला-शेपटीला झालरी. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. पलीकडे मुधोळच्या घोरपडे राजांनी याच कुळीतला कुत्रा जोपासला, इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेटही दिला. तोच मुधोळ हाउंड २००५ साली टपाल तिकिटावर आला आणि २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला दाखल झाला. ऊन याला झेपतं, पण फ्लॅट झेपत नाही. पळायला जन्माला आलेला कुत्रा वन-बीएचकेत सोफे फाडणारच. शेत असेल, फार्महाऊस असेल तर जरूर आणा. आणि सशामागे सोडायची जुनी हौस असेल, तर ती शिकार आता गुन्हा आहे.

छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी सातारा शहराजवळ संगम माहुलीला आहे. खुद्द छत्रपतींनी कुत्र्याची समाधी बांधली, आणि आपल्याला गल्लीतल्या कुत्र्याला ‘गावठी’ म्हणताना नाक मुरडायला होतं. खरं तर या हवेसाठी त्याच्याइतका तयार कुत्रा दुसरा नाही. आखूड केस, उभे कान, सडसडीत अंग, निवडून निवडून आलेली प्रकृती, आणि किंमत शून्य. गल्लीतलंच पिल्लू लस टोचून घरात घेतलं तर या शहरातला तो सगळ्यात अक्कलहुशारीचा सौदा.

‘दोन्ही माद्याच आहेत, साहेब’

सशांची जोडी विकताना हे वाक्य ऐकू येतं. सशाच्या बारक्या पिल्लांत नर-मादी ओळखणं जाणकारालाही अवघड, त्यामुळे यावर विश्वास ठेवू नका. सशीण ३०-३१ दिवसांत विते, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पाडव्याला दोन आणले तर दिवाळीला पै-पाहुण्यांना वाटत फिरावं लागतं.

सशाचे दात जन्मभर वाढतात. म्हणून त्याला सतत गवत चावायला लागतं, गाजर हा त्याच्यासाठी खाऊ आहे, जेवण नव्हे. तो स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो. किळस करू नका, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. आणि तो कानांवाटे अंग थंड करतो, पण चाळीस अंशांत कानांचंही काही चालत नाही. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवणं हा मराठवाड्यातल्या ससापालनाचा पहिला धडा. गिनीपिग आणलात तर आणखी एक लक्षात ठेवा: आपल्यासारखंच त्यालाही शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. पेरू, ढोबळी मिरची रोज हवीच.

मिठू आत, मालकही आत

पिंजऱ्यातला हिरवा पोपट आजोबांच्या काळापासून घरात आहे, म्हणून तो कायदेशीर होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपले देशी पोपट, मुनिया, पहाडी मैना सगळे येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा लाखावर गेली आहे, शिवाय कैद. भविष्य सांगणारा पोपट स्वतःच्या मालकाचं हे भविष्य कधी काढत नाही.

चालतं ते बजरीगर. त्यांना आपण सगळे ‘लव्हबर्ड’ म्हणतो, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे आणि हे ऑस्ट्रेलियाचे. स्वयंपाकघरात मात्र त्यांचा पिंजरा नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी पटकन मरतात. मोठे परदेशी पोपट, मकाव वगैरे घ्यायचे तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते.

वास्तूसाठी कासव हवं? पितळेचं ठेवा. पाठीवर तारे असलेलं जमिनीवरचं कासव पाळणं गुन्हा आहे. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टी असलेलं ते अमेरिकेचं. ते ताटाएवढं होतं आणि तीस वर्षं जगू शकतं. घेणारा कंटाळतो आणि तळ्यात सोडून येतो. जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत हे कासव आहे.

नान-खलियाची हाडं

रविवारी नान-खलिया झाला की उरलेलं कुत्र्याला, हा आपला रिवाज. त्यात कांदा आणि लसूण दोन्ही असतात, आणि दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, घशात नाही तर आतड्यात रुततं. चॉकलेट, द्राक्षं, आणि शिऱ्यातले बेदाणेही कुत्र्याला बाधतात. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ती भक्ती थोर. पण सोसायटीतल्या लॅब्रॅडॉरमागे तूप घेऊन धावू नका. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये असा जनुकीय बिघाड असतो की पोट भरल्याचं त्याला कळतच नाही. ते केविलवाणे डोळे म्हणजे भूक नव्हे, जीन बोलतोय.

कागदोपत्री

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं नियमात बसत नाही. विकणाऱ्याला ‘आई दाखवा’ म्हणा. आई दाखवत नसेल तर चपला घाला आणि निघा. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांला आणि मग दरवर्षी. लसकार्ड हातात घेऊन नीट बघा: प्रत्येक लसीपुढे बाटलीवरून काढून चिकटवलेलं बारकं लेबल हवं, त्यावर बॅच नंबर, मुदत आणि शेजारी डॉक्टरांची सही. नुसती पेनाने तारीख घातली असेल तर ती लस झाली असं धरू नका. खडकेश्वरच्या सरकारी पशुचिकित्सालयात एकदा चक्कर मारून या. महापालिकेचा परवाना काढा. गोचीड आणि जंतांच्या औषधाचा खर्च महिन्याच्या किराण्याच्या यादीत धरा.

चावला किंवा नखं लागली, घरचा असो की रस्त्यावरचा, तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि थेट घाटी रुग्णालय गाठा. नळाला पाणी नसेल तर मगाने ओता, पण पंधरा मिनिटं भरा.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळ सांगतं. पण त्याने केलेली घाण उचलायची जबाबदारी आपलीच, आणि त्यावरून भांडण झालं तर मी शेजाऱ्यांच्या बाजूने. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर एसी फर्स्टचा आख्खा कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये बसावं लागतं. जनशताब्दीच्या खुर्चीवर त्याला जागा नाही.

आणि पाळून कंटाळा आला म्हणून रस्त्यावर सोडून दिला तर? १९६० च्या कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. छापायची चूक नाही. कायदा केला तेव्हा पन्नास रुपयांना किंमत होती. आज ती राहिलेली नाही.

सुट्टीतला हट्ट

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हेही खोटं. कुत्रा पहिल्या वर्षातच माणसाच्या पंधराव्या वर्षाला पोचतो, दुसऱ्या वर्षाअखेर चोविशीला. म्हणजे आणल्यानंतर थोड्याच महिन्यांत तुमच्या घरात एक वयात आलेला पोरगा फिरत असतो, तेही चपला चावत. पुढे तो दहा-तेरा वर्षं जगतो, मांजर पंधरा-अठरा. पाचवीतल्या मुलीसाठी आणलेला कुत्रा ती पुण्याला हॉस्टेलला जाईल तेव्हा म्हातारा झालेला असेल, आणि त्याची औषधं आई-बाबांच्या गोळ्यांशेजारी डब्यात असतील.

पिल्लाचा हट्ट बहुतेक मे महिन्यात होतो. सुट्टी असते, वेळ असतो, मित्राच्या घरी नवं पिल्लू आलेलं असतं. आणि मे महिना पिल्लू आणायला सगळ्यात वाईट: ऊन मरणाचं, टाकी रिकामी, अर्धं कुटुंब गावाला निघालेलं. तेव्हा पोरांना सरळ सांगा, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस रोज पहाटे साडेपाचला उठून, काही न ओढता, नुसता पट्टा हातात घेऊन गल्लीला एक फेरी मारायची. पंधरा दिवस पट्टा फिरला तर सोळाव्या दिवशी पिल्लू बघायला जा. नाही फिरला, तर गप्पी आहेतच.